वनस्पतिजन्य अर्क देऊनही शिंपले परत येतात तेव्हा : तपासणीचा क्रम

कच्च्या पाण्याच्या जलवाहिनीत आक्रमक शिंपले वाढले, वनस्पतीपासून काढलेल्या अर्काची मात्रा दिली, पहिल्या आठवड्यात चाळणीत रिकामी कवचे आली, सर्वांना हायसे वाटले, आणि दोन-तीन महिन्यांत दाब पुन्हा उतरू लागला. हा प्रकार मी इतक्या वेळा हाताळला आहे की आता तक्रार ऐकताना प्रथम मात्रा वाढवू नका एवढेच सांगतो. अर्क निकामी निघाल्यामुळे उपचार फसल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात थोडी आहेत. बहुतेक वेळा अर्क शिंपल्याच्या कवचाबाहेरच राहिलेला असतो, किंवा तो जेथे पोहोचायला हवा तेथे पोहोचलेलाच नसतो.

हे विवेचन झेब्रा मसल, क्वागा मसल आणि सोनेरी मसल या शिंपल्यांच्या तीन जातींना धरून केले आहे. पहिल्या दोन जाती काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातल्या. झेब्रा मसल उत्तर अमेरिकेतील सेंट क्लेअर सरोवरात १९८८ मध्ये आढळला आणि क्वागा मसल २००७ मध्ये मीड सरोवरापर्यंत पोहोचला. सोनेरी मसल मूळचा चीन आणि आग्नेय आशियातला; तो १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाता येथे आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील साक्रामेंतो-सान होआकिन त्रिभुज प्रदेशात सापडला. तिन्ही जाती चिवट तंतूंनी कठीण पृष्ठभागाला चिकटतात, आणि तिघींच्या अळ्या पाण्याबरोबर तरंगत जलवाहिनीत शिरतात. तपासणीचा क्रम त्यामुळे तिघींना सारखाच लागू पडतो.

लक्षणे

पंप तोच, वेग तोच, विजेचा भार तेवढाच किंवा थोडा वाढलेला, तरी पाणी मात्र कमी मिळते.

चाळणी धुतल्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक पूर्वी कित्येक दिवसांनी वाढत असे. आता तो काही तासांतच वाढतो, आणि चाळणी उघडल्यावर गाळापेक्षा कवचांचे तुकडे अधिक निघतात.

हीट एक्स्चेंजरमधून (पाण्याने यंत्राची उष्णता काढून घेणाऱ्या उपकरणातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान हळूहळू वर सरकते. अरुंद नळ्यांच्या तोंडाशी अडकलेली दोन-चार कवचेही त्याला पुरतात.

पाण्याखालच्या पृष्ठभागावरून हात फिरवल्यास पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवतो. नुकत्याच चिकटलेल्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या पिल्लांची ही खूण आहे आणि ती सर्वांत आधी मिळते.

मात्रा दिल्यानंतर चार-पाच दिवसांनी कुजका वास येतो. तो आला तर काहीतरी मेले आहे हे निश्चित. मात्र तो आला नाही, चाळणीतही काही आले नाही आणि मात्रा थांबवल्यावर सर्व काही पूर्ववत राहिले, तर शिंपल्यांनी कवचे मिटून घेऊन उपचार टाळला असण्याचीच शक्यता अधिक असते.

फुकटच्या तपासण्या

दाबमापक दोन्ही बाजूंचे खरे दाखवतात का, हे त्यांची अदलाबदल करून पाहावे. हे सांगताना संकोच वाटतो, परंतु एका ठिकाणी महिनाभर चाललेल्या उपचाराचे कारण गंजलेला दाबमापक निघाले होते. त्यानंतर चाळणीतला ऐवज पांढऱ्या ताटलीत पसरून शिंपलेच आहेत ना, याची खात्री करावी. लोहजिवाणूंचा तांबूस चिखल, शेवाळ आणि ब्रायोझोआ (वसाहत करून पृष्ठभागाला चिकटणारे बारीक जलचर) यांनीही नळ्या तुंबतात, आणि त्यांच्यावर शिंपल्यांसाठीच्या अर्काचा भरवसा धरता येत नाही.

शिंपलेच असतील तर पुढची तपासणी मोजपट्टीने होते, आणि माझ्या मते साऱ्या क्रमात तिच्याइतकी मोलाची दुसरी नाही. चाळणीतील आणि भिंतीवरील जिवंत शिंपल्यांपैकी शंभरेक वेचून त्यांची लांबी लिहून काढावी. उपचाराला दोन महिने झाले असताना २० मिलिमीटर लांबीचे जिवंत शिंपले मिळाले, तर ते उपचारानंतर आलेले नाहीत. एवढ्या अवधीत ते साधारणपणे तेवढे वाढत नाहीत. ते उपचारातून वाचलेले आहेत. याउलट सगळे चार-पाच मिलिमीटरचेच असतील, तर उपचार यशस्वी झाला होता आणि त्यानंतर नव्या अळ्या येऊन बसल्या. पहिल्या स्थितीत अर्क, मात्रा आणि तो पोहोचण्याची वाट तपासावी लागते. दुसऱ्या स्थितीत त्यांपैकी काहीही तपासण्याची गरज नसते, उपचाराचे वेळापत्रक तेवढे चुकलेले असते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की लोक चांगल्या अर्काला नावे ठेवतात आणि वाईट वेळापत्रक तसेच चालू ठेवतात.

नोंदवहीत उपचाराच्या दिवसांतील पाण्याचे तापमान पाहावे. शिंपला थंडावला की पाणी गाळण्याचा त्याचा वेग उतरतो, आणि जो पाणी आत घेत नाही त्याच्या कल्ल्यांपर्यंत अर्कही जात नाही. १० अंश सेल्सिअसच्या खाली दिलेली मात्रा मी जवळजवळ वाया गेली असे धरतो.

अर्क अजून अर्क आहे का

यापुढे थोडा खर्च येतो, पण तो एखाद्या बाटलीएवढाच. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. रिठ्यासारख्या फेसाळ वनस्पतींतील सॅपोनिन पेशीच्या आवरणातील स्टेरॉलला चिकटून ते आवरण सच्छिद्र करते आणि कल्ल्यांची नासधूस करते. बाभूळवर्गीय झाडांच्या सालीतील टॅनिन प्रथिनांना बांधून टाकते. मिरचीतील कॅप्सेसिनचा उपयोग मारण्यापेक्षा तंतूंची चिकटण्याची क्रिया रोखण्यासाठी अधिक होतो. कडुनिंबाचा अर्कही लोक सुचवतात. पण त्यातील अझाडिरॅक्टिन प्रामुख्याने कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते आणि प्रकाशात लवकर विघटित होते, त्यामुळे शिंपल्यांसाठी मी त्यावर विसंबत नाही.

सॅपोनिनचा अर्क असेल तर काचेच्या झाकणबंद नळीत तो पाण्याबरोबर अर्धा मिनिट जोराने हलवून ठेवावा. पंधरा मिनिटांनंतरही फेसाचा थर टिकला नाही, तर पिंपात सॅपोनिन फारसे उरलेले नाही. टॅनिनच्या अर्कात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकल्यास निळसर-काळा किंवा हिरवट-काळा रंग यायला हवा. या चाचण्या नेमके प्रमाण सांगत नाहीत, पण मेलेला अर्क ओळखायला पुरेशा आहेत. वनस्पतिजन्य द्रव्ये जिवाणूंचे खाद्य असल्यामुळे पाण्यात कालवून ठेवलेला अर्क उबदार हवेत काही दिवसांत आंबतो. पिंपाला आंबूस वास येत असेल तर तो फेकावा. मात्रा दुप्पट करून त्याची भरपाई होत नाही, फक्त पाण्यातील सेंद्रिय भार वाढतो.

अर्क कसा काढला, हा प्रश्नही विक्रेत्याला विचारण्यासारखा आहे. एन्डोड या इथिओपियन वनस्पतीची गोष्ट येथे बोधप्रद आहे. इथिओपियन शास्त्रज्ञ अकलिलू लेम्मा यांना १९६४ मध्ये असे दिसले की लोक एन्डोडच्या फळांनी जेथे कपडे धुतात, तेथून खालच्या प्रवाहात गोगलगायी मरून पडतात. पुढे अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात हाच अर्क झेब्रा मसलवर तपासला गेला. ही फळे थंड पाण्यात कुस्करली की त्यांच्यातीलच विकरे (एन्झाइम) सॅपोनिनचे प्रभावी रूपात रूपांतर करतात. अल्कोहोलने अर्क काढल्यास विकरांना ती संधी मिळत नाही आणि कमी प्रभावी रूप तसेच राहते. वनस्पती तीच, वजन तेवढेच आणि परिणाम मात्र निराळा, असे घडू शकते. म्हणून पिशवीवरील वनस्पतीच्या नावापेक्षा सक्रिय घटकाचे प्रमाण आणि अर्क काढण्याची पद्धत लिहून मागावी. ती मिळत नसेल तर तो माल घेऊ नये.

शिंपला मिटला आहे की मेला आहे

वाचलेल्या मोठ्या शिंपल्यांचे कोडे बहुधा याच पायरीवर सुटते. पाण्यात काहीतरी झोंबणारे आले आहे हे शिंपल्याला कळते, आणि तो कवच मिटून साठवलेल्या शक्तीवर दिवस काढतो. सतत क्लोरीन दिले तरी प्रौढ शिंपले पूर्णपणे मरायला पाण्याच्या तापमानानुसार दोन-तीन आठवडे लागतात, ते याचमुळे. वनस्पतिजन्य द्रव्यांकडून अपेक्षा अशी असते की शिंपला त्यांना अन्नाच्या कणांप्रमाणे आत घेईल. परंतु मात्रा एकदम मोठी टाकली, किंवा अर्कात अल्कोहोलसारखे तीव्र द्रावक असले, तर हा फायदा हातचा जातो. मात्रा वाढवू नका, असे मी सुरुवातीला म्हटले त्याचे हे कारण.

तपासणीसाठी चार बरण्या पुरतात. त्याच स्रोताचे, क्लोरीन न घातलेले पाणी घ्यावे. प्रत्येक बरणीत सारख्या आकाराचे वीस शिंपले एक दिवस आधी ठेवून ते चिकटले आणि उघडले आहेत, याची खात्री करून घ्यावी. तंतू ओढून काढलेले शिंपले जखमी होतात आणि निष्कर्ष बिघडवतात, म्हणून तंतू कात्रीने कापावेत. एका बरणीत काहीही घालू नये, दुसरीत केवळ द्रावक घालावे, तिसरीत नेहमीची मात्रा आणि चौथीत तिच्या निम्मी. पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी किती शिंपले उघडे आहेत, ते मोजावे. नेहमीच्या मात्रेच्या बरणीत सर्व मिटलेले आणि निम्म्या मात्रेच्या बरणीत बहुतेक उघडे असतील, तर उत्तर मिळाले: कमी मात्रा, अधिक वेळ. द्रावकाच्या बरणीतही ते मिटले असतील, तर दोष द्रावकाचा आहे.

४८ तासांनंतर सर्व शिंपले स्वच्छ पाण्यात हलवून आणखी दोन दिवस ठेवावेत आणि मगच मृत्यू मोजावा. कवच उघडे असून आतील मांसल कडेला सुईचे टोक लावल्यावर जो मिटत नाही, तोच मेलेला धरावा. घट्ट मिटलेल्या शिंपल्याला मेलेला म्हणू नये आणि जिवंतही म्हणू नये. त्याची वाट पाहावी. ही वाट न पाहिल्यामुळे शंभर टक्के यशाच्या कितीतरी नोंदी खोट्या ठरलेल्या मी पाहिल्या आहेत. काहीही न घातलेल्या बरणीत दहा टक्क्यांहून अधिक शिंपले मेले असतील, तर पूर्ण चाचणी रद्द करून नव्याने करावी.

प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यांवर विसंबून ही चाचणी टाळू नये. ते आकडे बहुधा गाळलेल्या, स्वच्छ पाण्यातले असतात, तर जलवाहिनीतल्या पाण्यात चिकणमातीचे कण आणि कुजलेल्या पानांचे अंश असतात, आणि अर्काचा मोठा वाटा शिंपल्यांपर्यंत पोहोचण्याआधीच ते शोषून घेतात.

अर्क शेवटपर्यंत जातो का

बरणीत शिंपले मरत असतील आणि वाहिनीत जगत असतील, तर वाट तपासावी. मात्रा सोडण्याच्या ठिकाणी मिठाचे मोजलेले द्रावण ओतून सर्वांत दूरच्या टोकाशी पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहावे. वाहकता केव्हा चढते आणि किती वेळ चढलेली राहते, यावरून अर्काला लागणारा प्रवासाचा वेळ आणि संपर्काचा काळ कळतो. टॅनिन वापरत असाल तर त्याचा रंगच हे काम थोडेफार करतो. आपण सहा तास मात्रा देतो आणि दूरच्या टोकाला पाणी पोहोचायलाच पाच तास लागतात, हे कळल्यावर पुढचे बोलणे सोपे होते.

बंद झडपांमागचे तुकडे, राखीव पंपाची शाखा, अग्निशमनाची वाहिनी आणि मापकांकडे जाणाऱ्या बारीक नळ्या यांत पाणी वाहतच नाही, म्हणून अर्कही जात नाही. तेथील शिंपले पुढच्या हंगामात प्रजननाला मोकळे राहतात. झेब्रा मसलची एक मादी वर्षाकाठी दहा लाखांपर्यंत अंडी देऊ शकते, त्यामुळे अशी एखादी कोपऱ्यातील शाखा सोडून चालत नाही. मात्रा चालू असताना प्रत्येक शाखेची झडप उघडून अर्क तिथून बाहेर पडेपर्यंत पाणी वाहू द्यावे.

क्लोरीन आणि अर्क यांची ठिकाणेही तपासावीत. दोन्ही एकाच जागी सोडले तर क्लोरीन अर्काचे ऑक्सिडीकरण करते आणि दोघेही खर्ची पडतात. टॅनिनसारख्या द्रव्यांबरोबर क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक उपउत्पादने तयार होतात, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे. अर्क सोडण्याच्या ठिकाणानंतर, शिंपल्यांपर्यंतच्या वाटेत, वाळूचा किंवा सक्रिय कार्बनचा थर नाही ना, हेही पाहावे. कार्बन अर्क निमूटपणे गिळून टाकतो. कॅप्सेसिनच्या बाबतीत अडचण निराळी आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात सोडण्यापेक्षा पृष्ठभागाच्या लेपात मिसळणेच अधिक उपयोगी पडते, आणि तो लेप आधीच चिकटलेल्या शिंपल्यांना काढत नाही.

नव्या पिल्लांचा प्रश्न

मोजपट्टीने केवळ लहान शिंपले दाखवले असतील तर अळ्यांचे वेळापत्रक शोधावे. झेब्रा मसलचे प्रजनन पाणी साधारण १२ अंशांच्या वर गेल्यावर सुरू होते आणि अळ्या त्यानंतर काही आठवडे तरंगतात. पाणी घेण्याच्या तोंडाशी खरखरीत प्लास्टिकच्या किंवा सिमेंटच्या पट्ट्या दोरीने टांगून त्या दर पंधरवड्याला बोटांनी चाचपाव्यात. खरखरीतपणा जाणवू लागला की मात्रा द्यावी, कारण एक-दोन मिलिमीटरच्या पिल्लांचे कवच पातळ असते आणि ती फार काळ मिटून राहू शकत नाहीत. हंगामाच्या मध्यावर एकच मोठा उपचार करण्यापेक्षा पिल्ले बसण्याच्या काळात लहान उपचार अनेकदा केल्याचा मला अधिक उपयोग झाला आहे. पाण्याचा वेग सेकंदाला दीड ते दोन मीटरच्या वर ठेवता येत असेल, तर अळ्यांना बसायलाच अवघड जाते आणि अर्काची गरज पुष्कळ कमी होते.

येथे थांबावे

पाणी पिण्यासाठी वापरले जात असेल, तर बरणीतील चाचणीपुढे स्वतः काहीही करू नये. तेथे पाणीपुरवठ्याच्या तज्ज्ञाने आणि संबंधित नियामक यंत्रणेने निर्णय घ्यायचा असतो.

तलाव, नदी किंवा कालवा अशा खुल्या पाण्यात अर्क टाकू नये. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज येथे महागात पडतो: सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर तसेच काम करते जसे शिंपल्यांच्या कल्ल्यांवर करते, आणि मासे मारण्यासाठी वापरले जाणारे रोटेनोनही वनस्पतीच्या मुळांतूनच येते. स्थानिक जातींचे गोड्या पाण्यातील शिंपलेही त्यात मरतात, आणि त्यांपैकी अनेक जाती आधीच संकटात आहेत. जलवाहिनीतून बाहेर पडणारे पाणी अशा ठिकाणी जात असेल तरी हाच नियम लागू होतो. जीव मारण्यासाठी वापरलेला वनस्पतीचा अर्क अनेक देशांच्या कायद्यात कीडनाशक किंवा जैवनाशक म्हणूनच गणला जातो आणि त्याला नोंदणी व परवानगी लागते.

मोठा उपचार यशस्वी झाल्यानंतर बंद टाकीत, जॅकवेलमध्ये (पाणी उपसण्याच्या विहिरीत) किंवा भुयारी वाहिनीत उतरू नये. कुजणारे शिंपले प्राणवायू संपवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. या वायूचा वास जास्त प्रमाणात असताना नाकाला कळेनासा होतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असे समजणारा माणूस आतच कोसळतो. बंदिस्त जागेत काम करण्याचे प्रशिक्षण आणि वायुमापक असलेल्या पथकालाच बोलवावे. मेलेली कवचे तंतूंनी भिंतीला कित्येक दिवस धरून राहतात आणि मग एकदम सुटून पुढची नळी बंद करतात. ती यांत्रिक पद्धतीने काढण्याचे कामही याच पथकाकडे द्यावे.

बरणीत शिंपले मरतात, अर्क शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतो, वेळापत्रक बरोबर आहे, आणि तरीही २० मिलिमीटरचे जिवंत शिंपले मिळत राहतात, अशा वेळीही थांबावे. तेव्हा जातीची ओळखच चुकलेली असू शकते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच पटते. तज्ज्ञाला बोलावताना लांबीच्या नोंदी, तापमानाची नोंदवही आणि अळ्यांचा नमुना तयार ठेवावा. हा नमुना बारीक जाळीने गाळून अल्कोहोलमध्ये ठेवतात, परंतु त्यात आम्लता कमी करण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालायला विसरू नये. ध्रुवीकृत प्रकाशात अळीच्या कवचावर दिसणाऱ्या काळ्या फुलीवरून तिची ओळख पटते, आणि आम्लयुक्त द्रवात ते कवच विरघळले तर तपासणाऱ्याला नमुन्यात काहीच नव्हते असे वाटते.